यीस्टवर औषध टेस्ट करताय? आधी पंपाचं बघा

नवीन कंपाउंड हातात आलं की पहिली चाचणी यीस्टवर करणं स्वस्त पडतं, साध्या वायपीडी मीडियात (यीस्ट वाढवायच्या नेहमीच्या खाद्यात) ३० डिग्रीला पेशी दीडेक तासात दुप्पट होतात आणि केंद्रक, मायटोकॉन्ड्रिया वगैरे बरंचसं आपल्या पेशीसारखंच असतं. जीनोमही १९९६ मध्येच वाचून झालाय, जीन्स साधारण ६,०००.

पण होतं काय, लोक साधा वाइल्ड टाइप स्ट्रेन (जीन्समध्ये काही बदल न केलेला वाण) घेतात, औषध टाकतात, यीस्ट मजेत वाढतं आणि कंपाउंड बाद! अहो, यीस्टच्या पेशीला जाडजूड भिंत असते, शिवाय पीडीआर५ सारखे प्रथिनांचे पंप आत शिरलेलं औषध बाहेर फेकत बसतात. म्हणून सुरुवातच पीडीआर५ चं जीन काढून टाकलेल्या स्ट्रेनपासून करा, वाइल्ड टाइप शेजारी तुलनेला ठेवा.

रात्रभर वाढवलेलं कल्चर पातळ करून परत वाढू द्या, पेशी जोमात विभागत असताना घ्या, दहा-दहा पटीने पातळ करत वेगवेगळ्या डोसच्या प्लेटांवर थेंब टाका. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर कंट्रोल प्लेटमध्ये (औषध नसलेल्या, तुलनेच्या) तेवढंच डीएमएसओ हवंच, नाहीतर वाढ नेमकी कशाने थांबली ते कळणार नाही. एक सेट ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉलवर लावा, ग्लिसरॉलवर वाढायला यीस्टला मायटोकॉन्ड्रिया लागतातच, म्हणून ग्लुकोजवर ठीक आणि ग्लिसरॉलवर अडलं तर संशय मायटोकॉन्ड्रियावर.

खरी मजा पुढे आहे, औषध नेमकं कुठे बसतं ते शोधण्यात. भरपूर पेशी जास्त डोसवर पसरा, ज्या कॉलन्या तरीही उगवतील त्यांचा जीनोम सिक्वेन्स करा. रॅपामायसिन या औषधाचं टार्गेट असंच रेझिस्टंट पेशींतून सापडलं, १९९१ मध्ये यीस्टच्या रेझिस्टंट (औषधाला दाद न देणाऱ्या) म्युटंटमधून टीओआर१ आणि टीओआर२ ही जीन्स हाती लागली, माणसातलं त्यांचं भावंड एमटॉर त्यानंतरचं. मात्र पंप जोरात चालवणारे म्युटंटही याच गर्दीत येतात, त्यामुळे असंबंधित दुसऱ्या औषधावरही ते वाढतात का बघा, वाढत असतील तर ते म्युटंट बाजूला काढा. उरलेल्यांतलं म्युटेशन कोऱ्या स्ट्रेनमध्ये घालून रेझिस्टन्स परत येतो का तपासा, हे टाळू नका प्लीज.

आणि यकृतात गेल्यावरच ॲक्टिव्ह होणारं कंपाउंड असेल तर यीस्टमध्ये ते गप्पच बसेल, तिथे ॲक्टिव्ह झालेला रेणूच घेऊन टेस्ट करा.