घारापुरीत रोमची खापरं पाहायला जाताना

कोकण किनाऱ्यावर रोमन खांब, रोमन नाट्यगृह किंवा रोमन रस्ता कुठेही नाही. रोमन साम्राज्यातून इथे आला तो माल, आणि त्यातलं आज उरलंय ते फुटलेलं मडकं. ते ज्या जागी फुटलं, त्या जागी उभं राहायचं असेल तर एका दिवसात जाऊन येण्यासारखं सगळ्यात सोयीचं ठिकाण म्हणजे घारापुरी, मुंबईजवळचं एलिफंटा बेट. बोटीतून उतरणारे जवळपास सगळे लेणी पाहून परततात. ईशान्येकडच्या मोराबंदरकडे फार कमी जणांची पावलं वळतात, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या कुंभांची खापरं सापडली आहेत ती नेमकी त्या बाजूच्या किनाऱ्यावर. म्हणून या सहलीची आखणी नेहमीपेक्षा वेगळी करावी लागते. आधी ओहोटी पाहायची, मग वाटाड्या ठरवायचा, तिकिटाचं सगळ्यात शेवटी.

दिवस तिथीवरून ठरवा

खापरं दिसतात ती भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषेमधल्या पट्ट्यात. घारापुरीचं क्षेत्रफळ भरतीला साधारण १० चौरस किलोमीटर असतं आणि ओहोटीला १६. हा जो फरक आहे तोच तुम्हाला पाहायचा आहे. भरतीच्या वेळी पोचलात तर चिखलाचं पाणी आणि तिवरं यापलीकडे काही हाती लागणार नाही.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट करा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आत-बाहेर पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास. सकाळी लेणी, दुपारी किनारा आणि संध्याकाळच्या आत बोट असा दिवस बसवायचा तर एकादशी सगळ्यात चांगली. दशमीही चालते. अष्टमी-नवमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण ते भांगाचे दिवस असतात, पाणी फारसं मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे किनारा खूप उघडा पडतो, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, आणि या दोन्ही वेळा दिवसाच्या पाहुण्याच्या कामाच्या नाहीत. हिशेबात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आदल्या दिवशी मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून घ्या.

सोमवारी लेणी बंद असतात. एकादशी सोमवारी आली तर दशमी धरा. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहतात, आणि सुरू असल्या तरी खडकांवर शेवाळ इतकं असतं की किनाऱ्यावर उतरणं धोक्याचं.

गाईड कसा निवडायचा

लेण्यांच्या दाराशी पर्यटन खात्याचं ओळखपत्र असलेले गाईड भेटतात. त्यातले बहुतेक शिल्पं उत्तम समजावतात, पण रोमन व्यापाराचा विषय त्यांच्या रोजच्या फेरीत नसतो. पैसे ठरवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: लेणी आधीची की रोमन व्यापार? मुख्य लेणं इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली आहेत, आणि लेण्याचा संबंध त्या घराण्याशी जोडला जातो. रोमन व्यापाराचा बहर मात्र पहिल्या-दुसऱ्या शतकातला. म्हणजे मधे चार-पाचशे वर्षं गेली. रोमन व्यापाऱ्यांनी लेणी पाहिली किंवा त्यांना पैसे दिले असं जो सांगेल, त्याच्याकडून शिल्पं जरूर समजून घ्या, पण किनाऱ्यावर दुसऱ्याबरोबर जा.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे दोन माणसं. लेण्यासाठी ओळखपत्राचा गाईड तासाभराच्या बोलीवर, आणि मोराबंदरसाठी तिथल्याच गावातला एखादा जाणता माणूस. पायवाट कुठे ढासळली आहे, चिखल कुठे गुडघाभर आहे, पाणी कुठून आधी चढतं हे गावकऱ्यालाच माहीत. शेतबंदरला उतरल्यावर ग्रामपंचायतीत किंवा खानावळीत चौकशी केली तर माणूस मिळतो. रक्कम, वेळ आणि कुठपर्यंत न्यायचं हे तिन्ही आधीच स्पष्ट बोला. गट दहा-बारा जणांच्या वर नको, कारण बोटभर खापराभोवती वीस माणसं उभी राहिली तर मागच्यांना काही दिसत नाही आणि पायाखाली तुडवलं जातं ते वेगळंच. पूर्वेकडच्या टेकडीवरच्या स्तूपाच्या ढिगाऱ्याकडे जायचं असेल तर तिकीट खिडकीवर पुरातत्त्व खात्याच्या माणसाला विचारा. काम चालू असेल तर तो भाग बंद ठेवतात.

पोचायचं कसं

लाँच गेटवे ऑफ इंडियावरून सुटतात, पहिली सकाळी नऊच्या सुमारास. अंतर साधारण १० किलोमीटर, वेळ एक तास. अलिबागकडच्यांनी मांडव्याहून गेटवेची बोट धरावी. गाड्या नेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्याला जाते, तिथून पुन्हा टॅक्सी करावी लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडून येणाऱ्यांना पहाटे मुंबईत पोचणारी कोकणकन्या सोयीची.

जाऊन-येऊन भाडं माणशी अडीचशे रुपयांच्या आसपास धरा, वाढलेलं असू शकतं. तिकिटाचा परतीचा अर्धा भाग जपून ठेवा. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ, आणि ग्रामपंचायतीचा कर वेगळा. सुटे पैसे जवळ ठेवा, बेटावर मोबाइलचं नेटवर्क दगा देतं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच वाटेवर प्रवासी बोटीला जीवघेणा अपघात झाला. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवू नका, अंगात घाला, पट्टा आवळा आणि लहान मुलांना त्यांच्या मापाचं मागून घ्या. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावर मध्यभागी बसा.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि मागे पट्टा असलेली जाड तळव्याची पादत्राणं. चपला चिखलात रुततात आणि अनवाणी पायाला कालवांची कड ब्लेडसारखी कापते. एक भिंग, एक रुपयाचं नाणं आणि छोटी वही. खाऊ पिशवीच्या आत बंद ठेवा. माकडं हातातली पिशवी ओढतात, मग झटापटीत माणूस पायऱ्यांवरून पडतो.

दिवसाचा क्रम

नऊची लाँच धरली तर सव्वादहापर्यंत शेतबंदरचा धक्का. धक्का लांब आहे, छोटी गाडी चालते, पण चालतही जाता येतं. पुढे सुमारे १२० पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. मुख्य लेण्याला सव्वा तास द्या. समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत ते ३९ मीटर खोल आहे, आणि सदाशिवाची मूर्ती मागच्या भिंतीत असल्यामुळे डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं थांबावं लागतं. सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. लेणं इतकं गुंतवतं की बाराचा दीड होतो आणि ओहोटी हातची जाते. बारा वाजता निघायचं म्हणजे निघायचं. उरलेलं दुसऱ्या खेपेला.

जेवण लगेच उरका. कोळी-आगरी खानावळीत मासळीचं ताट आणि तांदळाची भाकरी मिळते, पण सांगितल्यावर तयार करायला वेळ लागतो, म्हणून वर चढतानाच सांगून ठेवा. सव्वा वाजता मोराबंदरच्या वाटेला लागा. चालण्यासाठी तासभर राखून ठेवला की घाई होत नाही. किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीपासून ते पाऊण तास नंतरपर्यंतच थांबा. पाणी परततं ते समोरून दिसतंच असं नाही. आधी ते खाचांमधून बाजूने शिरतं आणि माणूस पुढे वाकलेला असताना मागची वाट बुजते.

हातात न घेता खापर ओळखणं

पहिली फसगत मंगलोरी कौलांची. किनाऱ्यावर लाल तुकडा दिसला की तो रोमन वाटतो, पण सपाट, एकसारख्या लाल मातीचा आणि पन्हळीची सरळ धार असलेला तुकडा कौलाचा. ही कौलं एकोणिसाव्या शतकापासूनची, फार जुनी नव्हेत. निळी नक्षी असलेला पांढरा, काचेसारखा तुकडा चिनी मातीचा. चुलीवरच्या मडक्याची खापरं पातळ आणि धुराने काळवंडलेली असतात.

रोमन कुंभ, ज्याला अँफोरा म्हणतात, जाडजूड असतो. जहाजाच्या पोटात आडवे-उभे रचून आणलेलं हे भांडं, एकात साधारण २६ लिटर द्राक्षमद्य. उंच मान, दोन उभे कान आणि खाली निमुळता टोकदार बुंधा. पोटाचा तुकडा ओळखणं तज्ज्ञालाही अवघड, म्हणून कान, काठ आणि बुंधा शोधा. एक प्रकार सहज कळतो: त्याचा कान चकलीच्या दोन सळ्या शेजारी शेजारी चिकटवाव्यात तसा जोड-गोलाईचा असतो. मग भिंगातून फुटलेली कड पाहा. इटलीच्या नेपल्स परिसरात घडवलेल्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे चमकदार कण असतात, भाकरीवर काळे तीळ पेरल्यासारखे. तिथली माती कोकणात आली कशी, याचं उत्तर त्या कणातच आहे.

दुसरी फसगत जास्त मोठी आहे. आतून डांबर फासलेलं, जाड आणि कान नसलेलं खापर दिसलं तर ते रोमन नव्हे. ते टॉर्पेडो जार, इराक-इराणकडून आलेलं, इराणच्या सासानी राजघराण्याच्या आणि नंतरच्या काळातलं. भारतात अनेक ठिकाणी अशी खापरं बरीच वर्षं रोमन म्हणून नोंदली गेली. रोमन खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा तपासली तेव्हा हा घोळ उघड झाला. कान नाही म्हणून निराश होऊ नका. तोही दूरचाच पाहुणा आहे, फक्त दुसऱ्या गावचा.

संशयास्पद तुकडा दिसला की शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, जागेवरच दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या खुणेसकट, आणि वहीत वेळ लिहा. उचलू नका, उकरू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, पण खरं नुकसान त्याहून मोठं. खापराची जागा हीच त्याची माहिती. पिशवीत गेलं की उरतो तो नुसता मातीचा तुकडा. नाणं किंवा अक्षरं कोरलेलं काही दिसलं तर तिकीट खिडकीवर फोटो दाखवा.

किनाऱ्यावर उभं राहून काय पाहायचं

पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या पेरिप्लस या खलाशी-मार्गदर्शिकेत आपल्या किनाऱ्याची बंदरं ओळीने येतात: कॅलिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल, पुढे मंदगोरा, जे राजपुरी खाडीवरचं मांदाड असावं असं मानतात. इजिप्तहून जुलैमध्ये निघा, असा सल्ला तीत आहे. नैर्ऋत्य वाऱ्यावर येणारं जहाज सप्टेंबरात इकडे लागे, म्हणजे आपल्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात उतरतात त्याच सुमारास. परत जायचं ते थंडीतल्या ईशान्य वाऱ्यावर. कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात, असंही तीत नोंदवलंय. व्यापार कायम मोकळा नव्हता, राजकारण आड येई.

नकाशा उघडून मोराबंदरची जागा पाहा. बेटाच्या टेकड्या पश्चिमेचा वारा अडवतात, समोर मुख्य भूमी, उत्तरेला ठाण्याच्या खाडीचं तोंड. इथे उतरलेला माल पुढे घाट चढायचा. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती हा त्याच व्यापाराचा पुरावा, आणि ती आज तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. मोराबंदरच्या चिखलासमोर आज कंटेनरच्या क्रेन उभ्या आहेत. पाच मिनिटं त्या बाजूला तोंड करून बसा.

सव्वातीनला निघा, साडेचारपर्यंत धक्क्यावर या. शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, पण गर्दीच्या दिवशी रांग आधीच लागते आणि पाहुण्यांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही. उतरल्यावर बूट गोड्या पाण्याने धुवा, खारा चिखल वाळला की शिवण सोडवतो. पायाला कालव कापलं असेल तर जखम साबणाने नीट धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.