खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवण्यापूर्वी

कोंबडी खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, दिसताच त्याच दुपारी तिच्याखाली अंडी सरकवण्याची घाई करू नये. हात नेल्यावर ती पिसे फुलवून गुरगुरते आणि सलग दोन-तीन रात्री पाटी सोडत नाही, एवढी खात्री आधी करून घ्यावी. दरम्यान, कोंबडा असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी गार जागी जमवावीत. गावठी कोंबडीच्या पंखांखाली १० ते १२ अंडी नीट मावतात. पंधरा ठेवण्याचा मोह मला दरवेळी होतो, पण कडेची अंडी गार पडतात, आणि कोंबडी ती सतत फिरवत असल्याने आज एक, उद्या दुसरे असे नुकसान सगळ्यांचेच होते. सर्व अंडी एकाच रात्री ठेवून त्यांवर पेन्सिलीने खूण करावी, कारण इतर कोंबड्या त्याच पाटीत अंडे घालून जातात.

पाटीत कोरडा पेंढा घालावा आणि जवळच धूळ-राखेत लोळण्याची सोय ठेवावी. उवांनी हैराण झालेली कोंबडी स्वस्थ बसत नाही. दाणापाणी थोडे दूर ठेवावे, म्हणजे दिवसातून एकदा ती उठेल आणि विष्ठाही बाहेरच टाकेल. मुंगूस, साप यांचा वावर असेल, तर खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी मारून घ्यावी.

पिल्ले बाहेर पडण्याचा २१वा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा आणि १८व्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नये. टोच पडलेले अंडे सोलून पिल्लाला मदत करण्याचा उतावळेपणा अंगाशी येतो, कारण आतल्या रक्तवाहिन्या तोवर सुकलेल्या नसतात. पिल्लांच्या पोटात बलक शिल्लक असल्याने पहिले दोन दिवस दाण्यावाचून निभते, आणि त्या सवडीत आई मागे राहिलेल्या अंड्यांसाठी बसून राहू शकते. तोवर बारीक कणी किंवा पिल्लांचे खाद्य आणि खडे टाकलेली पाण्याची उथळ थाळी तयार ठेवावी. खड्यांमुळे पिल्ले बुडत नाहीत. रानीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस पहिल्या आठवड्यात द्यायची असते व एका बाटलीत पुष्कळ मात्रा असतात, म्हणून शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

आई आणि पिल्ले बाहेर हिंडू लागली की त्यांना पाहण्यासाठी आपला पाट आठ-दहा हातांवर, नेहमी त्याच जागी मांडावा. आमची कवडी कोंबडी वाळवीचे ढेकूळ उकरते, किडा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकते आणि ‘टुकटुक’ करत राहते. स्वतः मात्र खात नाही. आकाशात घार दिसली की तिचा आवाज लांबट होतो आणि पिल्ले जागच्या जागी झुडपात दडतात. मांजर आले, तर तीच तुटक ओरडत अंगावर धावते. त्यामुळे परसातले एखादे दाट झुडूप साफसफाईच्या नादात तोडू नये.

साधारण दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लांना टोचून दूर करू लागते. त्याआधीच खुराड्यात हातभर उंचीवर एक बांबू आडवा बांधावा, कारण आई वर झोपायला गेली की पिल्लेही फडफडत तिच्या शेजारी जागा शोधू लागतात.