सायकलवाल्याला कारने उडवलं तर: भरपाई मागताना या चुका टाळा

फॉल फ्रॉम सायकल. काकांच्या केसपेपरवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने घाईघाईत खरडलेले हे तीन शब्द. ते निस्तरायला आम्हाला अडीच वर्षं लागली.

काका नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर, वय तेव्हा ४४. नोव्हेंबर २०२२ मध्ये रात्रपाळी संपवून अंधारातच सायकलने घरी निघाले होते. मागून आलेल्या पांढऱ्या कारने ठोकलं. कारवाला थांबला, त्यांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. एवढं तरी केलं, म्हणून घरचे सगळे त्याचे आभार मानत होते. पण तिथे "काय झालं?" असं विचारल्यावर उत्तरही त्यानेच दिलं, "सायकलवरून पडले." काकांचं उजवं मनगट लोंबत होतं, त्यांना कुठलं भान! पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात (अशा भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टात) उलटतपासाला विमा कंपनीच्या वकिलांनी नेमका तोच कागद काकांसमोर धरला. "हे म्हणणे खरे आहे की, तुम्ही तोल जाऊन पडलात?" काका म्हणाले, "नाही साहेब, गाडीनं उडवलं." "मग डॉक्टरांनी खोटं लिहिलं का?" काका गप्प. खरं बोलणारा माणूस कागदापुढे कसा खोटा पडतो, ते मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसून पाहिलं.

त्यांची फाइल सुरुवातीपासून मीच वागवली. नंतर ओळखीतल्या आणखी दोन-तीन जणांसोबत कोर्टाच्या पायऱ्या चढलो. मी वकील नाही. पण चुका सगळीकडे त्याच दिसतात, आणि बहुतेक पहिल्या आठवड्यातच झालेल्या असतात.

दवाखान्यात "पडलो" म्हणून मोकळं होणं

जखमीसोबत जो कोणी असेल त्याने कॅज्युअल्टीत स्पष्ट सांगायचं: कारने धडक दिली, अमुक ठिकाणी, अमुक वाजता. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही केसपेपरवर लिहून घ्यायचा. वाहन अपघात म्हटलं की दवाखाना एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवतो आणि पोलिसांना कळवतो. इथेच बरेच जण कच खातात. "एमएलसी झाली की पोलिसांचं लचांड मागे लागेल," असं कोणीतरी कानात सांगतं. कधीकधी तर दवाखान्यातलाच माणूस सांगतो. लचांड लागतंच, पण त्याच्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही.

उलट अपघाताची नोंद असण्याचा आता लगेचचा फायदाही आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १ लाख ५० हजार रुपयांपर्यंत उपचार मिळतात. "पडलो" असं लिहिलंत तर ही दारंही बंद.

चुकीची नोंद झालीच असेल तर? केसपेपरवर खाडाखोड करायला सांगू नका, त्याने संशयच वाढतो. पोलिसांकडे जबाब लवकरात लवकर द्या आणि त्यात सांगा की ती माहिती कोणी दिली, तेव्हा जखमीची अवस्था काय होती. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा. आमच्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की माहिती सोबत आलेल्या इसमाने दिली होती. या एका वाक्याने बराच फरक पडला.

सायकल भंगारात घालणं

मागचं चाक आठ झालेलं, कॅरिअर वाकलेलं. ती सायकल आठवडाभर चौकातल्या टपरीमागे पडून होती. भंगारवाला तीनशे रुपये देत होता आणि चुलतभाऊ "देऊन टाकू, काकूला बघवत नाही" म्हणत होता. द्यायच्या आधी मी सहज फोटो काढायला वाकलो, तर मागच्या मडगार्डच्या दबलेल्या कडेला पांढरा रंग घासलेला. बोटभर लांबीचा पट्टा. तोल जाऊन पडलेल्या सायकलीच्या मडगार्डला मागून पांढरा रंग लागत नाही.

पोलिसांनी सायकल मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली आणि पंचनाम्यात "मागील मडगार्ड दबलेले, त्यावर पांढरा रंग" अशी ओळ आली. केसपेपरवरच्या तीन शब्दांना पुरून उरली ती ही ओळ.

म्हणून सायकल, फाटलेले कपडे, फुटलेलं हेल्मेट, यातलं काहीही फेकू नका, दुरुस्तही करू नका. चारी बाजूंनी फोटो काढा. घटनास्थळाचा पंचनामा होताना आपलं कोणीतरी हजर असू द्या. आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, त्यामुळे दुकानदाराला त्याच दिवशी गाठा आणि पोलिसांनाही ते जप्त करायची लेखी विनंती करा. पहाटेचा चहावाला, दूधवाला, पेपरवाला, ज्याने पाहिलं त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. सायकलचं बिल सापडत असेल तर तेही जपा. थर्ड पार्टी विम्यात सायकलचं नुकसानही मागता येतं.

"माझी काही तक्रार नाही"

हे वाक्य लिहिलेल्या कागदावर सही करू नका. कारवाला भला असतो, निदान पहिल्या दिवशी तरी. पाच-दहा हजार हातावर ठेवतो, "दवाखान्याचं मी बघतो" म्हणतो. पट्टी निघाल्यावर त्याचा फोन लागत नाही. गंमत अशी की भरपाई बहुतेक वेळा त्याच्या खिशातून जाणारच नसते. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. पैसे विमा कंपनी देते, आणि ती पोलिसांच्या कागदांशिवाय ओळखही दाखवत नाही. त्याने उपचाराला दिलेले पैसे घ्यायला हरकत नाही, फक्त ते कशासाठी घेतले हे लिहिलेलं असू द्या.

फिर्यादीला उशीर झाला म्हणून आशा सोडणारेही खूप. आमची फिर्याद नवव्या दिवशी दाखल झाली. घरचे आधी जखमीला वाचवण्यामागे असतात, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. उशिराचं खरं कारण मात्र फिर्यादीत लिहा. पोलीस ठाण्यात दाद लागत नसेल तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि उद्या फौजदारी खटल्यात ड्रायव्हर सुटला, तरी तेवढ्यावरून भरपाईचा दावा बुडत नाही. दोन्हीकडे पुराव्याची मोजपट्टी वेगळी असते.

"प्लेट निघाली की बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. हाडात प्लेट टाकलेली असते, ती वर्ष-दीड वर्षाने काढायची असते, आणि घरात ठरतं की एकदाचा सगळा खर्च होऊ दे, मग दावा करू. मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि कलम १६६ खालच्या भरपाईच्या दाव्याला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आली. त्याआधी बरीच वर्षं अशी मुदतच नव्हती, म्हणून जुनीजाणती माणसं अजूनही "कधीही करता येतो" असं छातीठोक सांगतात. या मुदतीला आव्हान देणारी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत, त्यामुळे मुदत उलटून गेली असली तरी वकिलांना जरूर भेटा. पण मुदत शिल्लक असताना त्या भरवशावर घरी बसू नका. प्लेट काढायच्या खर्चाचं डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घ्या आणि पुढचा उपचारखर्च म्हणून दाव्यातच मागा.

पोलिसांनाही आता अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. तपासी अंमलदाराला तो गेला का, हे विचारत राहा. "पोलिसांनी पाठवलाय म्हणजे आपला दावा झाला" असं गृहीत धरू नका.

दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो, हाही एक गैरसमज. तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथल्या न्यायाधिकरणातही तो चालतो. मुलगा पुण्यात शिकतो, अपघात तिथे झाला आणि घर लातूरला असेल, तर लातूरला दावा करता येतो.

हात किती टक्के गेला, आणि कमाई किती टक्के गेली

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरे पैसे इथे आहेत. काकांच्या दाखल्यावर अपंगत्व १५ टक्के लिहिलेलं होतं. आम्ही तेच धरून बसलो असतो. पण वेल्डरचं मनगट वळत नाही, हातातला होल्डर थरथरतो, म्हणजे त्याचं काम जवळजवळ गेलंच. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच उदाहरणाने सांगितलंय: डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. दाखल्यावरचा आकडा तोच असला तरी!

हिशोब असा होतो. महिना १८ हजार कमाई. वय ४० ते ५० असलेल्या स्वयंरोजगारी किंवा ठरीव पगाराच्या माणसाला भविष्यातली वाढ म्हणून २५ टक्के जास्त, म्हणजे २२,५००. वर्षाचे २ लाख ७० हजार. याला वयावरून ठरलेल्या गुणकाने गुणायचं, ४४ व्या वर्षाला तो १४. कमाईतली घट १५ टक्के धरली तर ५ लाख ६७ हजार. ३० टक्के धरली तर ११ लाख ३४ हजार. उपचारखर्च, वेदना, बुडालेली रोजंदारी हे सगळं वेगळं. आमच्या वकीलबाईंनी काकांना कोर्टात पान्हा हातात धरायला लावला नाही की काही नाटक केलं नाही. वर्कशॉपच्या मालकाला साक्षीला आणलं. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, मी यांना रोख १८ हजार देत होतो, आणि आता यांना फक्त माल मोजायला ठेवलंय. न्यायाधिकरणाने ३० टक्के मान्य केले.

पगाराची स्लिप नसते म्हणून गप्प बसणं ही दूधवाल्यांची, पेपरवाल्यांची, वॉचमनची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची नेहमीची चूक. पासबुक, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, मालकाची साक्ष, यातलं जे आहे ते द्या. काहीच दिलं नाही तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, आणि तो अंदाज सहसा तुमच्या कमाईपेक्षा कमी असतो. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्षही लागते. नुसता दाखला फाइलला लावला तर त्याला फारसं वजन नाही.

मेडिक्लेममधून बिल भागलं म्हणून उपचारखर्च मागायचाच सोडून देणारेही भेटले. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे.

कंपनी काय काय म्हणते

सायकलला मागे दिवा नव्हता, हे कंपनीने आमच्यावर टाकलं आणि काकांची १० टक्के चूक धरली गेली. तेवढी रक्कम कापली. उलट्या बाजूने चालवत असाल तर जास्त कापली जाईल. पण "थोडी माझीही चूक होती" म्हणून दावाच न करणं हा अगदी आपल्याकडचा भिडस्तपणा.

ड्रायव्हरचं लायसन्स नव्हतं, असंही कंपनी म्हणते. तरी बऱ्याच प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे भरायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतं. गाडी विकलेली पण नावावर केलेली नसेल तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याचं नाव तो मालक, त्यालाच पक्षकार करा. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत पाहा, अपघाताच्या तारखेला पॉलिसी चालू होती का ते महत्त्वाचं.

लोकअदालतीत तडजोडीचा प्रस्ताव येतो. वाईटच असतो असं नाही, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशोब आपल्या हाताने मांडून मगच सही करा. आणि मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणारा, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सह्या घेणारा वकील टाळा. निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

गाडी पळून गेली असेल तर

नंबरच मिळाला नाही म्हणून घरी बसू नका. हिट अँड रनसाठी वेगळी योजना आहे: मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. हाड मोडणं हीसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतच. अर्ज अपघात झाला त्या भागाच्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत बँकेचं पासबुकही पाहा, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तिथला क्लेम वेगळा. पुढे गाडी सापडली आणि न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, तर हिट अँड रनचे पैसे त्यातून परत करावे लागतात, तेव्हा मंजुरीचं पत्र फाइलमध्ये वर लावून ठेवा.