पॉइंट्सवरचा मुक्काम आणि वरच्या दर्जाची खोली: निघण्यापूर्वीची तयारी

दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही पाच रात्री राहणार होतो. हॉटेलच्या सदस्यत्व योजनेत साठलेले पॉइंट्स तीनच रात्रींना पुरत होते, म्हणून तीन रात्री पॉइंट्सवर घेतल्या आणि उरलेल्या दोन पैसे भरून. पोहोचताच समुद्राकडचा स्वीट, म्हणजे साध्या खोलीपेक्षा मोठी आणि वरच्या दर्जाची खोली, मिळाला, त्यामुळे मी स्वतःवर खूश होतो. चौथ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरून फोन आला की आपले चेक-आउट आज आहे, बारापर्यंत खोली रिकामी करावी. दुसरे आरक्षण होते, पण हॉटेलच्या यंत्रणेत ते जणू दुसऱ्याच पाहुण्याचे होते आणि त्याच्या वाट्याला बागेमागची साधी खोली आली होती. ओले कपडे, सासूबाईंच्या औषधांचा डबा आणि मुलाने गोळा केलेले शिंपले घेऊन आमची वरात आवारातून निघाली. चूक हॉटेलची नव्हती. आरक्षणे जोडून घ्यायला मीच विसरलो होतो.

सदस्यत्व क्रमांक आरक्षणावर असावा आणि नाव ओळखपत्राप्रमाणे असावे, हे सांगायला नको. सदस्याने स्वतः मुक्कामाला असावे, हे मात्र सांगावे लागते. आपल्या पॉइंट्सवर आईवडिलांना पाठवले, तर बहुतेक ठिकाणी आपल्या सदस्य-दर्जाचे, म्हणजे मुक्कामाच्या रात्रींवरून ठरणाऱ्या श्रेणीचे, फायदे त्यांच्याबरोबर जात नाहीत. हयात या हॉटेल-साखळीत रात्रींचे ठरावीक टप्पे गाठणाऱ्या सदस्यांना त्यासाठी वेगळी सोय आहे.

दर्जा म्हणजे काय, ते नीट वाचून ठेवावे. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सदस्यत्व योजनेत वर्षभरातल्या 10 रात्रींना सिल्व्हर, 25 ना गोल्ड आणि 50 ना प्लॅटिनम मिळते; स्वीटचा विचार प्लॅटिनमपासून पुढे होतो आणि तोही खोली शिल्लक असेल तरच. एचडीएफसी बँकेच्या मॅरियट कार्डाबरोबर सिल्व्हर मिळते आणि लोक ते दाखवून स्वीट मागतात, हे पाहून रिसेप्शनवरच्या मुलामुलींची दया येते. बँकेच्या रिवॉर्ड पॉइंट्सची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते बँकेच्याच प्रवास-संकेतस्थळावर खर्च करून खोली घेतली, तर हॉटेलच्या लेखी ते एजंटामार्फत आलेले आरक्षण असते, त्यावर दर्जाचे फायदे सहसा लागू होत नाहीत. पॉइंट्स आधी हॉटेलच्या खात्यात वळवावेत आणि मग तिथून आरक्षण करावे.

तारखा निवडताना पंचांग उघडावे. मी हे थट्टेने म्हणत नाही. तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते, गोव्यातले मोठे रिसॉर्ट वऱ्हाडांनी भरतात आणि सगळे स्वीट वधूवरांच्या घरच्यांकडे गेलेले असतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी प्लॅटिनम असो वा त्याहून वरचा दर्जा, हाती काही लागत नाही. नाताळ ते नववर्ष हा काळ तर सोडूनच द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असतो, पण खोल्याही रिकाम्या असतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या आसपास उलटे गणित आहे: कामाच्या लोकांची गर्दी सोमवार ते गुरुवार, त्यामुळे शनिवार-रविवारी शक्यता चांगली.

अपग्रेडची, म्हणजे वरच्या दर्जाची खोली मागण्याची, कूपने असतील तर ती स्वतः लावावी लागतात, आपोआप लागत नाहीत. मॅरियटच्या 50 आणि 75 रात्रींच्या टप्प्यांवर प्रत्येकी पाच कूपने निवडता येतात आणि ती पॉइंट्सवरच्या मुक्कामालाही चालतात. मात्र त्या आरक्षणातल्या प्रत्येक रात्रीसाठी एक कूपन लागते, आणि निकाल साधारणपणे पोहोचण्याच्या काही दिवस आधीपासून आदल्या दिवशी दुपारपर्यंत केव्हाही लागू शकतो. खोली मिळाली नाही, तर कूपने परत येतात. हयातची स्वीट-कूपने आरक्षणाच्या वेळीच पक्की होतात आणि सलग सात रात्रींपर्यंत चालतात, म्हणून मला ती अधिक पटतात.

इथे पुन्हा दोन आरक्षणांचा प्रश्न येतोच. कूपन एका आरक्षणावर लावले, म्हणून दुसऱ्यावर ते लागत नाही. त्यामुळे शक्य असेल तर दोन आरक्षणे करूच नयेत. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट्स माफ होतात, हिल्टनमध्ये हीच सवलत सिल्व्हर आणि त्यावरच्या सदस्यांना आहे. तीन रात्रींचे पॉइंट्स असताना घाई करण्यापेक्षा आणखी एका रात्रीचे जमेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. ते जमत नसेल, तर आरक्षणे जोडून घ्यावीत. मध्यवर्ती मदत-क्रमांकावर नव्हे, तर थेट त्या हॉटेलच्या आरक्षण विभागाला फोन करून दोन्ही क्रमांक सांगावेत, पाहुणा एकच आहे आणि खोली शेवटपर्यंत एकच हवी, अशी नोंद करून घ्यावी आणि ती ईमेलवर मागावी. हे आठवडाभर आधी करावे. आदल्या दिवशी पुन्हा करावे. तोंडी ‘हो सर, नोट केलं आहे’ यावर विसंबू नये, कारण ज्याने नोंद केली त्याची पाळी आपण पोहोचण्यापूर्वीच संपलेली असते. आणि स्वीट फक्त तीन रात्री मिळणार असेल, तर तो नाकारून पाचही रात्री मिळणारी किंचित लहान खोली घ्यावी. हे मी पूर्वी मानले नसते.

पोहोचायची वेळ कळवावी. आधार किंवा वाहन परवाना जवळ ठेवावा, पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी ओळखपत्र म्हणून घेत नाहीत. अपग्रेड एकदाच, सौम्यपणे आणि मागे रांग नसताना मागावा. वाढदिवसाच्या खोट्या गोष्टी सांगू नयेत. दोन्ही आरक्षणांचे क्रमांक समोर ठेवावेत. किल्लीचे कार्ड हातात आले की ते कोणत्या तारखेपर्यंत चालेल हे विचारावे, आणि उत्तर शेवटच्या दिवसाची तारीख नसेल तर काउंटरवरून हलू नये.