डोळे मिटून आकृत्या कशा ओळखाव्यात

मी दृष्टिहीन मुलांना भूमिती शिकवते, त्याला आता 21 वर्षं झाली. माझ्या वर्गात आकृती फळ्यावर नसते, हातात असते. जाड पुठ्ठ्यातून कापलेला त्रिकोण, कागदावर चिकटवलेला दोरा, खिळ्यांच्या पाटीवर ताणलेलं रबर, अशा रूपात ती मुलांना भेटते.

डोळस मुलं एक नजर टाकून नाव सांगून मोकळी होतात, आणि तिथेच चुकतात. नजरेला आकृतीचा तोंडवळा दिसतो. चौरस जरा तिरका धरला की तो त्यांच्यासाठी ‘हिरा’ होतो. लांब, चिंचोळ्या त्रिकोणाला त्रिकोण म्हणायला ती कचरतात, कारण पुस्तकातला त्रिकोण नेहमी पायावर नीट बसलेला असतो. माझ्या मुलांपुढे हा तोंडवळा नसतोच. एकेक बाजू आणि एकेक कोपरा त्यांना बोटाने गाठावा लागतो, आणि आकृतीचं नाव नेमकं त्यावरच ठरतं. म्हणून मुलाला आकार कसे शिकवायचे असं कोणी विचारलं, की मी त्यांना डोळे मिटायला सांगते. खाली दिलेलं सगळं डोळस मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही तसंच चालतं.

तयारी

जाड पुठ्ठा, कटर, थोडा दोरा आणि आतले कोपरे नीट काटकोनात असलेला एक उघडा खोका एवढं पुरतं. आकृती कापताना आतला तुकडा सावकाश सोडवा, आणि तो ज्या पुठ्ठ्यातून निघाला तो पुठ्ठाही जपून ठेवा. त्यात तुकड्याच्या मापाची मोकळी जागा उरते. आम्ही तिला तुकड्याचं ‘घर’ म्हणतो. तुकड्याच्या एका अंगाला खरखरीत कागदाचा ठिपका चिकटवा, म्हणजे तो सुलटा आहे की उलटा हे बोटाला कळेल. कोपऱ्यांना गोलाई देऊ नका. बोटाला टोचू नये म्हणून बरेच जण तशी देतात, पण कोपरा बोथट झाला की आकृतीची ओळखच पुसली जाते.

पहिलं काम मोजणीचं. डाव्या हाताचा अंगठा एका कोपऱ्यावर ठेवा आणि तो अजिबात हलवू नका. उजव्या हाताची तर्जनी कडेकडेने फिरवा आणि अंगठ्याला परत भेटेपर्यंत बाजू मोजा. अंगठा सुटला की पहिला कोपरा दोनदा मोजला जातो आणि चौकोनाचा पंचकोन होतो. ही चूक मी इतक्या हातांकडून होताना अनुभवली आहे, की पहिल्या आठवड्यात मी या एकाच सवयीवर भर देते.

त्रिकोणाला दोन नावं

तीन बाजू निघाल्या तर तो त्रिकोण. पण काम तिथे संपत नाही. प्रत्येक त्रिकोणाला दोन नावं असतात, एक बाजूंवरून आणि एक कोनांवरून.

बाजूंसाठी दोरा घ्या. एका बाजूवर ताणून चिमटीत धरा आणि दुसऱ्या बाजूवर लावून पाहा. तिन्ही बाजू सारख्या असतील तर समभुज, दोन सारख्या असतील तर समद्विभुज, तिन्ही वेगळ्या असतील तर विषमभुज. कोनांसाठी तुकड्याचा एकेक कोपरा खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात दाबा. दोन्ही कडा भिंतींना पूर्ण टेकल्या आणि टोकही कोपऱ्यात पोहोचलं तर तो काटकोन. टोक पोहोचलं पण तुकडा डावी-उजवीकडे डुलतोय, तर लघुकोन. टोक कोपऱ्यापर्यंत जातच नसेल तर विशालकोन. या परीक्षेला अंशही लागत नाहीत आणि कोनमापकही.

आता दोन्ही नावं जोडा. कंपासपेटीतले दोन गुण्ये काढा. 45-45-90 अंशांचा गुण्या समद्विभुज काटकोन त्रिकोण आहे, आणि 30-60-90 अंशांचा विषमभुज काटकोन त्रिकोण. समभुज काटकोन त्रिकोण मात्र शोधूनही सापडणार नाही. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंश असते, त्यामुळे समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन 60 अंशांचाच होतो.

यानंतर तुकडा त्याच्या घरात बसवा. समभुज त्रिकोण फिरवून तीन प्रकारे बसतो आणि उलटा करून आणखी तीन प्रकारे, म्हणजे एकूण सहा. समद्विभुज दोन प्रकारे बसतो, एकदा सुलटा आणि एकदा उलटा. विषमभुज एकाच प्रकारे. नाव विसरलेली मुलंसुद्धा ‘सहा वेळा बसणारा’ म्हणून समभुज त्रिकोण बरोबर काढून देतात. मला ते उत्तर चालतं. नाव नंतर येतं.

चौकोन, जिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो

आधी भाषेतला गुंता सोडवायला हवा. रोजच्या बोलण्यात ‘चौकोनी’ म्हटलं की आपल्या मनात चौरस येतो. भूमितीत चौकोन म्हणजे चार बाजूंची कुठलीही बंद आकृती, मग ती कितीही वेडीवाकडी असो. चौरस हा त्यातला एक खास प्रकार.

पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या, दोन लांब आणि दोन आखूड. लांब पट्टीसमोर लांब पट्टी येईल अशा लावून टोकांना टाचण्या मारा. आयत तयार झाला. आता एक कोपरा हळूच ढकला. बाजू त्याच राहिल्या, पण आयत कलला आणि समांतरभुज चौकोन झाला. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कितीही ढकला, हलत नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत हेच कडक शब्दांत सांगितलं आहे. कर्ण (समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा) किंवा लंब न देता नुसत्या बाजूंवरून चौकोनाचं ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला ते पिशाच म्हणतात, आणि उत्तर द्यायला निघालेल्याला त्याहून वरचढ. पट्ट्या हातात डुलत असताना हे सांगितलं की मुलांच्या कायमचं लक्षात राहतं. चौकोनाला नाव देताना बाजू मोजून थांबायचं नाही, ते यामुळे.

मग काय पाहायचं? समोरासमोरच्या दोन कडा अंगठा आणि तर्जनीत धरा आणि चिमूट तुकड्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवा. बोटांमधलं अंतर तेवढंच राहिलं तर त्या बाजू समांतर. बोटं उघडत किंवा मिटत गेली तर नाहीत. चिमूट बाजूंना आडवी, सरळ धरायची, तिरकी पडू द्यायची नाही. एकच जोडी समांतर निघाली तर तो समलंब चौकोन. हे नाव मला फार आवडतं, कारण ते स्वतःच व्याख्या सांगतं. वरच्या बाजूवरून खालच्या बाजूवर कुठूनही लंब टाका, त्याची लांबी समान भरते. चिमूट तेच तर मोजत असते.

दोन्ही जोड्या समांतर निघाल्या तर तो समांतरभुज चौकोनांच्या कुळातला. आता खोक्याचा कोपरा आणि दोरा घ्या. कोपरे काटकोनी असतील तर आयत. चारही बाजू सारख्या असतील तर समभुज चौकोन. दोन्ही गोष्टी जमल्या तर चौरस. समांतर जोडी एकही नाही, पण लगतच्या बाजू दोन-दोनच्या जोडीने सारख्या आहेत, तर त्या आकृतीचं नावच पतंग. पतंगाचे कर्ण एकमेकांना काटकोनात छेदतात. ‘कर्ण’ हा शब्द काटकोन त्रिकोणात काटकोनासमोरच्या बाजूसाठीही वापरतात, तेव्हा कुठला कर्ण ते मुलांना प्रत्येक वेळी स्पष्ट सांगा.

घराची परीक्षा इथे फार बोलकी होते. चौरस आठ प्रकारे बसतो. आयत चार प्रकारे आणि समभुज चौकोनही चारच, त्यामुळे या दोघांचा निकाल खोक्याच्या कोपऱ्यावर लावावा लागतो. साधा समांतरभुज चौकोन दोन प्रकारे बसतो, पण दोन्ही वेळा ठिपका वरच असतो. उलटा केला की तो घरात जातच नाही. पतंगही दोनच प्रकारे बसतो, पण एकदा सुलटा आणि एकदा उलटा. आकडा तोच असला तरी कारण वेगळं आहे. समांतरभुज चौकोन मधोमध दुमडून दोन भाग जुळतील असं अनेकांना वाटतं. कागदाचा कापून दुमडून पाहा. जुळत नाहीत.

आता नेहमीचा वाद. चौरस हा आयत आहे का? आहे. आयत म्हणजे चारही कोन काटकोन असलेला चौकोन, आणि चौरसाचे चारही कोन काटकोनच असतात. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने केलेल्या व्याख्येत मात्र आयताच्या चारही बाजू समान नसाव्यात अशी अट होती, म्हणून त्याच्याकडे चौरस वेगळा पडतो. आज आपण चौरसाला आयतात धरतो, आणि ते मला जास्त पटतं. आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केलं की चौरसासाठी पुन्हा सिद्ध करावं लागत नाही. नाव सांगताना मात्र सगळ्यात नेमकं सांगावं. हातात चौरस असताना ‘आयत’ हे उत्तर चूक नाही, अपुरं आहे.

पाच आणि त्यापुढे

पंचकोन, षट्कोन, सप्तकोन, अष्टकोन ही नावं मोजणीवरूनच येतात. सगळ्या बाजू आणि सगळे कोन समान असतील तर आधी ‘सुसम’ लावायचं. सुसम पंचकोनाचा कोन 108 अंशांचा, षट्कोनाचा 120, अष्टकोनाचा 135. पण बाजू लहान-मोठ्या असलेला ओबडधोबड पंचकोनही पंचकोनच असतो, आणि तो मुलांच्या हातात आवर्जून द्यावा. पाच टोकांची चांदणीही द्या. बहुतेक जण पंचकोन म्हणतात. अंगठा ठेवून मोजलं की बाजू दहा निघतात, पाच कोपरे बाहेर आलेले आणि पाच आत गेलेले. ती दशकोनाकृती आहे.

बाजू वाढत गेल्या की हाताला वर्तुळाचा भास होऊ लागतो. आर्किमिडीजने 96 बाजूंच्या आकृत्या घेऊन वर्तुळाचा परीघ व्यासाच्या 3 पूर्णांक 10/71 पटीपेक्षा जास्त आणि 3 पूर्णांक 1/7 पटीपेक्षा कमी असतो हे दाखवलं. अशा सुसम आकृतीचा प्रत्येक कोन 176.25 अंशांचा होतो. बोटाला तो कोपरा वाटणं कठीण.

वर्तुळ

इथेही एक शब्द सांभाळायचा. बोलताना आपण कशालाही ‘गोल’ म्हणतो. भूमितीत कागदावरचं ते वर्तुळ, आणि चेंडूसारखा भरीव तो गोल.

वर्तुळ ओळखायला पूर्वी मी चिमटीची परीक्षा सांगायची. आकृती फिरवत राहा, रुंदी सगळीकडे सारखी लागली तर वर्तुळ. लंबवर्तुळ यात लगेच पकडलं जातं. पण ही परीक्षा पुरी नाही. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूवर कंपास ठेवून उरलेल्या दोन शिरोबिंदूंमधून कंस काढले, तर फुगीर बाजूंचा एक त्रिकोण तयार होतो. 19 व्या शतकातले जर्मन अभियंते फ्रान्झ रूलो यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याची रुंदी कुठूनही सारखीच भरते, तरी तो वर्तुळ नाही. त्याचे कोपरे घासून बोथट झालेला तुकडा नुसत्या चिमटीला सहज फसवतो. म्हणून आता मी इथेही घरच वापरते. वर्तुळाचा तुकडा घरात बसल्यावर न उचलता हवा तेवढा फिरतो. रूलोचा त्रिकोण फक्त सहा प्रकारे बसतो.

भरीव आकार

सहा चौरस पृष्ठांचा तो घन. पृष्ठं आयताकृती असतील तर इष्टिकाचिती. इष्टिका म्हणजे वीट, इतकं सांगितलं की पुरतं. दोन टोकांना सारखी वर्तुळं असलेली ती वृत्तचिती, एका टोकाला वर्तुळ आणि दुसऱ्याला टोक असलेला तो शंकू. चिती आणि सूची यांत घोटाळा होतो. तळाची आकृती जशीच्या तशी वरपर्यंत गेली तर चिती, सगळ्या कडा वर एका बिंदूत मिळाल्या तर सूची.

सपाट पृष्ठांचा आकार हातात घेतला की पृष्ठं, शिरोबिंदू आणि कडा मोजायच्या. हाताला मागचा भाग आणि पुढचा भाग एकदम कळत नाही, म्हणून मोजून झालेल्या प्रत्येक ठिकाणी मेणाचा छोटा ठिपका लावा. मोजणी बरोबर आहे का हे पडताळायला स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी 1750 मध्ये मांडलेला नियम आहे. पृष्ठं आणि शिरोबिंदू यांच्या बेरजेतून कडा वजा केल्या की 2 उरतात. घनाची 6 पृष्ठं आणि 8 शिरोबिंदू मिळून 14, त्यातून 12 कडा गेल्या. पुढच्या आयुष्यात ऑयलर यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली होती आणि तरी त्यांचं गणित थांबलं नाही, हे मी वर्गात नक्की सांगते.

या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने षट्कोनी चिती मोजली. 8 पृष्ठं, 12 शिरोबिंदू, 17 कडा. तिने मनात बेरीज-वजाबाकी केली आणि म्हणाली, “बाई, तीन उरतायत. एक कड माझ्याकडून राहिली.” मी काही बोलले नाही. तिने चिती उलटी केली आणि मेणाचे ठिपके एकेक चाचपत गेली. तळाशी पुठ्ठा दबून सपाट झाला होता, तिथे बोट थांबलं. अठरावी कड तिथे होती.