पावसाळ्यात जोडणी, दिवाळीनंतर रंग : हर्क्युलिसचे प्लॅस्टिक मॉडेल

११ ऑक्टोबर २०२४ रोजी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दलाचे सी-२९५ उतरले, तेव्हापासून ऐरोलीतील आमच्या सोसायटीची दोन मुले मालवाहू विमानाचे मॉडेल करायचे म्हणून माझ्या मागे लागली आहेत. त्यांना मी सी-१३० हर्क्युलिस सुचवतो, कारण त्याची किट बाजारात सहज मिळतात. मात्र भारतीय हवाई दलाचे विमान हवे असेल तर खोक्यावरचे चित्र नीट पाहावे. आपल्याकडचे सी-१३०जे हे लांब धडाचे असून त्याच्या प्रत्येक पंख्याला सहा पाती आहेत. जुन्या हर्क्युलिसला चारच असत. १:७२ प्रमाणात पंखांचा विस्तार सुमारे ५६ सेंटिमीटर भरतो, म्हणून शोकेस आधी मोजावे. १:१४४ मध्ये तो निम्मा होतो.

सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावेत, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिच्यापासून ते पिळून तोडू नयेत. निपरने (लहान कापणी पक्कडीने) थोडे अंतर राखून कापावेत आणि उरलेला खुंट ब्लेडने तासावा.

धडाचे दोन अर्ध बंद करण्यापूर्वी नाकात वजन भरणे अत्यावश्यक आहे. माझे पहिले हर्क्युलिस रंगून पूर्ण झाले आणि टेबलावर ठेवताच शेपटीवर बसले. तोवर आत हात घालायला जागाच उरली नव्हती. म्हणून धड, पंख आणि शेपूट चिकटपट्टीने तात्पुरते जोडून मॉडेल मागच्या मुख्य चाकांच्या रेषेवर तोलावे आणि ते पुढे झुकेपर्यंत नाकावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून वजन वाढवत जावे, वर थोडे जास्तच ठेवावे. मासेमारीच्या साहित्याच्या दुकानात मिळणारे शिशाचे गोळे यासाठी उत्तम. ते फेव्हिकॉलने चिकटवू नयेत, कारण त्याने कालांतराने शिसे गंजून फुगते आणि सांधा उकलू शकतो, अरल्डाइट वापरावे.

मॉडेलचा पातळ सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन्ही बाजू एकजीव करतो. सांधा दाबल्यावर वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक कड वर येते. ती येऊ द्यावी, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून एक दिवस थांबावे आणि मगच वॉटर पेपरने घासावी. राहिलेल्या फटीत पुट्टी भरावी. ती आक्रसते, म्हणून दोन हात द्यावे लागतात. काचांसाठी मात्र फेव्हिकॉलच योग्य, कारण इन्स्टंट ग्लूच्या वाफेने त्यांवर पांढरी साय धरते. हर्क्युलिसच्या कॉकपिटला काचा बऱ्याच असल्याने प्रत्येकीवर मास्किंग टेपचा तुकडा कापून बसवण्यात एक संध्याकाळ सहज जाते.

इथवरचे काम जुलैत खुशाल करावे. रंगकाम मात्र ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात शक्यतो टाळावे. लॅकर (लवकर वाळणारा रंग) देताना त्यातले द्रावण उडून पृष्ठभाग गार होतो, हवेतील वाफेचे त्यावर पाणी होते आणि रंग दुधाळ दिसू लागतो. दिवाळीनंतर कोरड्या दुपारी, खिडकी उघडी ठेवून व मास्क लावून प्राइमर मारावा. करड्या प्राइमरखाली सांध्यांचे सगळे दोष उघडे पडतात. ते दुरुस्त करून पुन्हा प्राइमर द्यावा. त्यानंतर राखाडी रंग दुधाइतका पातळ करून तीन-चार विरळ हातांत द्यावा.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे, लावण्याआधी चकचकीत वॉर्निश हवेच, नाहीतर खरबरीत रंगावर डिकलखाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते. डिकल कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सुटले की ब्रशने सरकवावे, खालचे पाणी मऊ फडक्याने टिपावे. हवाई दलाच्या गोलचिन्हात मधोमध केशरी आणि बाहेर हिरवा रंग असतो, एवढे लक्षात ठेवावे. ते वाळल्यावर मॅट वॉर्निशचा हात द्यावा, पंखे बसवावेत आणि सर्वांत शेवटी काचांवरची टेप चिमट्याने, कोपऱ्यापासून तिरकी ओढत, हळूहळू काढावी.