वेरूळला फोर बाय फाइव्ह नेताय? आधी टेप घ्या

फोर बाय फाइव्ह म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर चालणारा मोठा कॅमेरा. ट्रायपॉड, केबल रिलीज, काळं कापड, लूप यांबद्दल सांगत बसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी आधीच काढा. मंगळवारी वेरूळ बंद असतं. कैलासाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दर्शनी बाजूवर ऊन दुपारनंतर येतं.

आता टेप. शिंप्याची कापडी टेप घ्या, मिलिमीटरवाली. बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांमधला भाता, ताणला की फिल्मवर प्रकाश कमी पोहोचतो; हातातल्या लाइट मीटरला तो किती ताणलाय ते कळत नाही. १५० मिमीची लेन्स दूरच्या दृश्याला ग्राउंड ग्लासपासून (फोकस पाहायची मागची दुधी काच) साधारण १५० मिमीवर असते. खांबावरच्या नक्षीसाठी जवळ गेलात आणि हेच अंतर २१० झालं, तर २१० भागिले १५०, त्याचा वर्ग, जवळपास दोन; म्हणजे अख्खा एक स्टॉप गेला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पैठणीच्या पदरावरचा मोर मूळ आकाराएवढाच घेतला तर अंतर ३००, दोन स्टॉप. निगेटिव्ह फिल्म थोडं सांभाळून घेईल, स्लाइड फिल्म (थेट पॉझिटिव्ह चित्र देणारी) नाही. म्हणून फोकस झाला की टेप लावा, लेन्सबोर्डपासून ग्राउंड ग्लासपर्यंत. अंदाजाने नको, टेपने. टेलिफोटो बनावटीच्या लेन्सला मात्र हे गणित जसंच्या तसं चालत नाही.

होल्डर (फिल्म ठेवायची चपटी पेटी) बदलला की मीटरवरचा आयएसओ तपासा. पोर्ट्रा १६० (निगेटिव्ह फिल्म) आणि व्हेल्व्हिया ५० (स्लाइड फिल्म) यांत पावणेदोन स्टॉपच्या आसपास फरक आहे. स्पॉट मीटर ज्यावर धराल त्याला मध्यम करड्या रंगाचं समजतो. वेरूळचा बेसॉल्ट काळसर; त्यावरचं रीडिंग तसंच घेतलं तर दगड राखाडी, धुवट येतो. एक स्टॉप कमी द्या. स्लाइडला आधी उजळ भाग वाचा: ज्यात तपशील हवा तो तुमच्या एक्स्पोजरच्या दोन स्टॉपपेक्षा वर गेला की पांढरा झालाच. अंगणातून दिसणारं आकाश चौकटीबाहेर काढा, सरळ उपाय. निगेटिव्हला उलटं, तपशील हवा ती सावली वाचून एक स्टॉप कमी.

लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म मंदावते; त्याची भरपाई सगळ्यात शेवटी करायची, बेलोजचा हिशेब झाल्यावर. मीटर ८ सेकंद म्हणाला, बेलोजचे दोन स्टॉप, झाले ३२. आता व्हेल्व्हिया ५० ला ३२ सेकंदांसाठी आणखी एक स्टॉप, म्हणजे ६४. आधी भरपाई आणि मग बेलोज केलंत तर ४५ वरच थांबाल. शिवाय हिरवट झाक येते, मॅजेंटा फिल्टर लागतो. लेण्याच्या आत सरळ प्रोव्हिया १००एफ ही स्लाइड फिल्म वापरा, १२८ सेकंदांपर्यंत काही करावं लागत नाही. पोलरायझर लावलात तर दीड-दोन स्टॉप, तेही भरपाईच्या आधी.

बाकी नेहमीचंच. शटर बंद, मगच डार्क स्लाइड (होल्डरचं झाकण) ओढायची. होल्डरला नंबर, वहीत बेलोजचं माप. मीटरची जादा बॅटरी. मे महिन्यात होल्डर गाडीत ठेवू नका. टेप बॅगेत नको, गळ्यात.